दोन्ही हातांवर एकच तीळ

नखवाल्या बाईंना स्वतःला नखं नव्हती.

म्हणजे जन्माला येताना दहा मिळाली होती, सगळ्यांना मिळतात तशी. पण शाळेत कुठल्याशा गणिताच्या परीक्षेला त्यांनी ती खायला घेतली, आणि गणित सुटलं तरी नखं सुटली नाहीत. पन्नाशी उलटली, चष्मा लागला, जिना चढताना गुडघे बोलायला लागले, पण विचारात पडलं की बोट तोंडात, हे काही बदललं नाही. उंदरानं कुरतडलेल्या साबणाच्या दहा वड्या ओळीनं मांडाव्यात, तशी त्यांची बोटं दिसत. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, तो इतका जवळून बघायला मिळत नाही. अर्थात बाई तो कुणाला बघू देत नसत. दारात कुणी आलं की हात पदराखाली, नाहीतर पिठात.

चिकटवायच्या नखांचा धंदा चार वर्षांचा. फोनवर भरतकामाचे टाके शोधता शोधता एक दिवस त्यांचं बोट घसरलं आणि त्या नखांच्या व्हिडिओवर जाऊन पडल्या. तिथून ज्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. गुरू कुणी नाही, शाळा नाही. स्वयंपाकघरातलं टेबल, एक जांभळ्या उजेडाचा दिवा आणि भरपूर हौस. पहिला संच केला तो नणंदबाईंसाठी. त्यातलं एक नख जेवताना घड्याळजींच्या, म्हणजे बाईंच्या यजमानांच्या, भातात सापडलं. त्यानंतर नणंदबाईंनी कधी नखं मागितली नाहीत, आणि अजूनही त्या घरी जेवायला आल्या की आधी भात उकरून बघतात.

पण हळूहळू हात बसला. बाजारात तयार नखं डब्यानं मिळतात. पण बोटं काही डब्यातून येत नाहीत, हे बाईंचं आवडतं वाक्य. ऐकायला कुणी नसलं तर त्या ते कुकरला ऐकवत. कुणाचं नख छपरासारखं उतरतं, कुणाचं चमच्यासारखं खोलगट, कुणाचा अंगठा रुंद आणि करंगळी तांदळाच्या दाण्याएवढी. मापात केसभर चूक झाली तरी नख कडेच्या कातडीवर चढतं आणि दुसऱ्या दिवशी डोकं धुताना केसांत राहून जातं.

माप घ्यायची रीत ठरलेली होती. गिऱ्हाइकानं हात टेबलावर पालथा ठेवायचा, शेजारी एक नाणं ठेवायचं आणि बरोबर वरून फोटो काढून पाठवायचा. आधी चार बोटं, मग अंगठा वेगळा, कारण अंगठा कायम कुशीवर झोपलेला असतो. नाण्याची रुंदी माहीत, म्हणजे नखाचीही निघते. मग बाई घड्याळजींची सरकती मोजपट्टी घेऊन बसत, कोरी नखं निवडत, कानशीनं घासत, पातळ लेप देत, जांभळ्या दिव्याखाली वाळवत. "आणि लक्षात ठेव," त्या लेकीला सांगत, "जगात कुणाचेही दोन हात सारखे नसतात. ज्या हातानं माणूस काम करतं, तो हात रुंद." लेक एका कचेरीत नोकरीला होती आणि हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की आईनं 'आणि' म्हटलं की ती 'रुंद' म्हणून मोकळी व्हायची.

अडचण होती ती माल दाखवायची. नखं हातावर दिसली पाहिजेत, नुसती कागदावर ठेवली तर कापून ठेवल्यासारखी दिसतात. बाईंचा हात बादच. लेकीनं एकदा हात दिला, आणि फोटो काढता काढता आईनं एवढ्या सूचना केल्या की तिनं तो कायमचा काढून घेतला. उरले घड्याळजी.

आता गंमत अशी की त्या घरात देखणे हात कुणाचे असतील तर घड्याळजींचे. तीस वर्षं एका दिव्याखाली बसून केसाएवढे स्क्रू फिरवलेले. ऊन लागलेलं नाही, भांडी लागलेली नाहीत. बोटं लांबसडक, निमुळती, थरथर ठाऊक नसलेली. लग्नाच्या वेळी बाईंनी तोंड नंतर आणि हात आधी बघितले होते. घड्याळजी आधी "छे, काहीतरीच" म्हणाले, मग "तोंड दिसता कामा नये" म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी बोटांवरचे चार केस स्वतःच्या दाढीच्या ब्लेडनं काढून टेबलाशी येऊन बसले.

तेव्हापासून फोनवरच्या बाईंच्या पानावर झळकत होते ते घड्याळजींचे हात. लाल नखं, मोतिया नखं, टोकाला चांदण्या असलेली नखं. अंगठ्याच्या खाली एक पांढरी रेघ, फार पूर्वी घड्याळाची स्प्रिंग उसळून लागलेली. तीही लोकांना आवडे. "ताई, काय हात आहेत तुमचे," बायका लिहीत. "कोणतं क्रीम लावता?" बाई उत्तर देत, "काही नाही हो, घरचंच आहे." आणि हे लिहिताना त्यांना वाटे, आपण अगदीच खोटं काही बोलत नाही.

एकदा घड्याळजी करंगळीचं नख काढायला विसरून दुकानात गेले. गिऱ्हाइकानं विचारलं तेव्हा म्हणाले, "झाकण उघडायला लागतं." माणूस साधा, पण वेळेला सुचतं.

तर अशा सगळ्या बनवाबनवीत त्या अंगठीवालीची मागणी आली.

ती एका दागिन्यांच्या दुकानात काउंटरवर होती, अकरा वर्षं. अंगठ्या दाखवणं हे तिचं काम. तिला नखं हवी होती आखूड, फिक्या रंगाची, मखमलीला अडकणार नाहीत अशी. "नखांकडे बघितलं जाऊ नये, असं नख पाहिजे," तिनं लिहिलं होतं. बाईंना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते कुकरला दोनदा ऐकवलं. खाली आणखी दोन ओळी होत्या. "सोमवारी सकाळी काउंटरवर उभं राहायचं आहे, त्याआधी मिळतील ना? ताई, तुमचे हात बघून धीर आला. असे हात असते तर मला काही मागावं लागलं नसतं."

बाईंनी आपल्या हातांकडे बघितलं. पलीकडे घड्याळजी त्यांच्या हातांनी शेंगा सोलत बसले होते. बाईंनी एक हसरा चेहरा पाठवून दिला.

मग हातांचे फोटो आले. स्वच्छ, सरळ, वरून काढलेले. नीटस बोटं, मधल्या बोटाच्या मुळाशी एक छोटा तीळ. उजव्या हातावर तीळ, डाव्या हातावरही तीळ, अगदी त्याच जागी. बाई हरखून गेल्या. मोजपट्टी लावली तर काय, उजवी तर्जनी डाव्या तर्जनीएवढी, करंगळीला करंगळी, अंगठ्याला अंगठा. कुठं केसाचा फरक नाही.

"अहो, हे बघा," त्या म्हणाल्या. "चार वर्षांत पहिल्यांदा दोन्ही हात सारखे असलेलं माणूस बघतेय. देवानं साच्यातून काढलीय हिला."

"तू तर म्हणतेस, सारखे नसतात," घड्याळजी म्हणाले.

"नियम असला की अपवाद असायचाच."

आणि एवढ्यावर न थांबता बाईंनी तिला लिहिलं, "दोन्ही हातांवर एकाच जागी तीळ! भाग्यवान आहात." बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "हो." एवढंच. बाईंना वाटलं, लाजाळू आहे.

संच गुरुवारी पोचला. शुक्रवारी काहीच कळलं नाही. एरवी गिऱ्हाइकं पाकीट फोडण्याआधी फोटो पाठवतात. बाईंनी उजव्या हाताची तर्जनी कुरतडली.

शनिवारी दुपारी लेकीला सुट्टी, दुकान अर्धा दिवस बंद, आणि खिडकीतून ऊन बरोबर टेबलावर येत होतं, म्हणून फोटोंचं काम चाललं होतं. घड्याळजींच्या डाव्या हाताला पिकल्या जांभळाच्या रंगाची पाच नखं चिकटवून झाली होती. बाई दुसऱ्या हातासाठी गोंद शोधत होत्या. तेवढ्यात बेल वाजली.

"दूधवाला असेल," बाई म्हणाल्या. "बघता का जरा?"

घड्याळजी उठले आणि त्यांनी डावखुऱ्या सवयीनं डाव्या हातानंच कडी काढली.

दारात पस्तिशी-चाळिशीची एक बाई उभी होती. साधीशी, नीट विंचरलेली, डावा हात ओढणीत गुंडाळलेला. पाकिटावरचा पत्ता तिच्या उजव्या हातात होता. "नखवाल्या ताई इथंच..." एवढं बोलून ती थांबली. दाराच्या कडीवर पाच जांभळी नखं होती. अंगठ्याखाली पांढरी रेघ होती. तिची नजर त्या हातावरून मनगटाकडे, मनगटावरून बाहीकडे आणि तिथून हळूहळू वर घड्याळजींच्या मिशीपर्यंत गेली.

"हो," घड्याळजी म्हणाले. "म्हणजे... अगं, ऐकलंस का?"

बाई बाहेर आल्या, परिस्थिती बघितली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. नखं काढायला वेळ नव्हता, नवरा लपवायला जागा नव्हती. आपण हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं टाळत आलो चार वर्षं, त्यांना वाटलं, आणि शेवटी दुसऱ्याचा हात दाखवून करून घेतलं.

पण आलेल्या बाईनं त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. ती आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "ताई, नऊ बसली, डावीकडची जरा सैल. दहावं बसत नाही."

हे ऐकल्यावर बाईंमधली लाज मागं सरली आणि कारागीर पुढं आली. सगळं चुकेल, माप चुकणार नाही. "कुठलं बसत नाही?"

"डाव्या हाताचं, अंगठीच्या बोटाचं. दोन दिवस चिकटवतेय. काल चिकटलं एकदा, पण फ्रीजच्या दाराला."

"मग तुमचं चिकटवणं चुकत असेल. माझ्या मापात शंका नको." बाईंनी फोन काढला, फोटो मोठा केला, आणि गिऱ्हाइकाला शिकवायची लहर त्यांना आली ती आलीच. "हा बघा उजवा हात. हा डावा. हा तीळ, आणि हा तीळ. दोन्ही हात तुमचे इतके जुळे आहेत की..."

तिनं उजवा हात टेबलावर ठेवला. मधल्या बोटाच्या मुळाशी तीळ होता. डावा हात ओढणीतच राहिला.

"आणि डावा?" बाई म्हणाल्या.

लेक कोपऱ्यात कपडे घड्या करत होती, तिनं वाकून फोनमध्ये बघितलं. "आई, नाण्यावरचा आकडा वाच."

बाईंनी वाचला. म्हणजे वाचायला गेल्या. आकडा उलटा होता, आरशात दिसतो तसा. चार वर्षं रोज त्या नाण्याची रुंदी मोजत होत्या. नाण्यावर काय लिहिलंय हे बघायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती. दोन्ही फोटोंत नाणं एकच, ओरखडा एकच, तीळ एकच. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथं आरशातलाच हात समोर ठेवला होता आणि बाईंनी त्याला भाग्यवान ठरवून दहा नखं करून दिली होती.

"तो उजवाच आहे," अंगठीवाली खाली बघत म्हणाली. "उलटा केला. फोनमध्ये करता येतो. डावा दाखवायचा नव्हता मला. वाटलं, नख तुम्ही कराल, ते बसेल आणि कुणाला काही कळणारच नाही. तुम्हालासुद्धा." मग तिनं मान वर करून घड्याळजींच्या हाताकडे बघितलं. "पण ताई, तुम्ही तरी कुठं तुमचा दाखवलात."

"मी चहा ठेवतो," घड्याळजी म्हणाले आणि आत गेले. आतून काड्यापेटी पडल्याचा आवाज आला, मग परत पडल्याचा. जांभळ्या नखांनी काडी ओढता येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. लेक मदतीला गेली.

"काय झालंय बोटाला?" बाईंनी विचारलं.

"तिजोरीचं दार लागलं. दोन महिने झाले. नख गेलं, आता नवीन येतंय, पण वेडंवाकडं. डॉक्टर म्हणाले, वर्ष जाईल, आणि सरळ येईलच असं नाही." ती शांतपणे सांगत होती, बिल वाचून दाखवावं तसं. "अंगठी मी त्याच बोटात घालून दाखवते. उजव्या हातानं तबक धरायचं असतं. मालक वाईट नाहीत. म्हणाले, गिऱ्हाइकाची नजर अंगठीवरून घसरते. दोन महिने आत बसून डब्या बांधतेय. सोमवारी मला उभं करून बघणार आहेत. नाहीतर काउंटर त्या नव्या मुलीला, आणि मी कायमची आत. डब्या बांधणं काही वाईट काम नाही. पण मला बोलता येतं हो. आत बोलायला कुणी नाही."

बाईंना, खरं सांगायचं तर, सगळ्यात आधी काय सुचलं? आता ही पानावर काय लिहील, हे सुचलं. 'नखवाल्या ताईंना मिशा आहेत.' त्याबद्दल त्यांनी स्वतःला मनातल्या मनात एक चापट मारली आणि म्हणाल्या, "दाखवा हात."

"आधी तुमचा."

"माझा कशाला?"

"मला कळू दे, मी कुणाला दाखवतेय."

बाईंनी पदराखालून हात काढले आणि टेबलावर ठेवले. दहाही. जांभळ्या दिव्याच्या शेजारी, कानशींच्या डब्याच्या पुढ्यात. लग्नातसुद्धा त्यांनी ते एवढ्या उजेडात ठेवले नव्हते. अंगठीवालीनं ते एकेक करून बघितले, तिचा धंदाच तो. उजव्या तर्जनीवर ती जरा जास्त रेंगाळली, तिथं कालची जखम होती.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "तिजोरीशिवाय एवढं जमवलंत तुम्ही."

आधी बाई हसल्या, की ती, हे नंतर दोघींनाही सांगता आलं नाही. आतून चहा घेऊन येणारी लेक दारातच थबकली; आईचं असं पोट धरून हसणं तिनं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

मग ओढणी सुटली. बोट बरं झालं होतं, पण टोकाची कातडी गुलाबी, ताणलेली, चकचकीत होती. नवं नख पाव चंद्राएवढं वर आलं होतं, पन्हाळीच्या पत्र्यासारखं वळ्यावळ्यांचं, एका बाजूला झुकलेलं. बाईंनी चष्मा पुसला, हात हातात घेतला, बोट इकडून तिकडून बघितलं. स्वतः केलेलं नख वर धरून पाहिलं. ते त्या बोटावर दुसऱ्याची टोपी घातल्यासारखं दिसत होतं.

"इथं मी गोंद लावणार नाही," त्या म्हणाल्या. "नवीन कातडी आहे. गोंदाबरोबर आहे तेसुद्धा निघून येईल. आणि तुम्हीही परत लावायचा नाही, फ्रीजच्या दाराला काय लावायचा तो लावा."

"म्हणजे होणार नाही."

"असं कुठं म्हटलं मी." असं त्यांनी म्हटलं नव्हतं, पण होईल कसं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. कुठल्याच व्हिडिओत हे नव्हतं. त्यांचं बोट नकळत तोंडाकडे निघालं, आणि समोरचे डोळे बघून अर्ध्या वाटेत थांबून हनुवटी खाजवून परत आलं.

घड्याळजी बशीत चहा ओतत होते. नखांमुळे कपाचा कान धरता येत नव्हता. "आम्ही घड्याळाची काच चिकटवत नाही," ते सहज बोलावं तसं म्हणाले. "पूर्वी तर अजिबात नाही. काच कडीत बसवायची. कडी घट्ट असली की काचेला कुठं जायचंय?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं बोलणं वाया न गेल्याचे प्रसंग त्यांनी बोटांवर मोजले असते, आणि ती बोटं कशी आहेत ते आपण पाहिलंच आहे. पण हा प्रसंग त्यातला होता.

"बायकी घड्याळाची कडी केवढी असते?"

"केवढी पाहिजे?"

माप घ्यायला या वेळी नाणं नव्हतं. बाईंनी कणीक घट्ट मळली, तिला तेलाचा हात लावला आणि ते बोट त्यात पेरापर्यंत रुतवलं. काढल्यावर जो खड्डा राहिला त्यात पांढरं प्लॅस्टर ओतलं. ही युक्ती त्यांची स्वतःची. पहिल्या वेळी प्लॅस्टर इतकं पातळ झालं की बोटाऐवजी भजं निघालं. दुसऱ्या वेळी मात्र बोट निघालं, नव्या नखाच्या वळ्यांसकट, ताणलेल्या कातडीसकट. टेबलावर ते उभं राहिलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, आता कुणी पाहुणा आला तर मी या घरातली नाही."

अंगठीवाली मात्र त्या पांढऱ्या बोटाकडे बघत राहिली. बाहेरून बघितल्यावर ते तेवढं भयंकर नव्हतं. "एवढंच आहे होय," ती पुटपुटली.

"उद्या सकाळी या," बाई म्हणाल्या.

घड्याळजींच्या खणात बंद पडलेल्या घड्याळांच्या कड्या होत्या, बायकांच्या बारीक सोनेरी घड्याळांच्या. त्यातली एक त्यांनी निवडली, मागून कापली, पातळ केली, प्लॅस्टरच्या बोटावर चढवून वाकवली. बाईंनी नवं नख घडवलं, आतून पोकळ, कमानीसारखं उचललेलं, म्हणजे खालच्या बिचाऱ्या पाव चंद्राला भार नको. कडी नखाच्या मुळाशी बसायची, बोटाला वेढून. बघणाऱ्याला वाटावं, हौसेनं टोकाला बारीक वळं घातलंय. संध्याकाळभर नवराबायको दिव्याखाली डोक्याला डोकं लावून बसले. चार वर्षं हात त्यांचा आणि नाव बाईंचं असं चाललं होतं; हे पहिलं काम दोघांचं म्हणता येईल असं. बाईंनी तसं बोलून दाखवलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "ती जांभळी काढा आता, डोळ्यांत जातील माझ्या."

रविवारी पहिलं नख बोट वाकवल्याबरोबर उडालं आणि सरळ घड्याळजींच्या चहात गेलं. नणंदबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, प्रगती आहे, आधी भातात जायचं. दुसऱ्या वेळी कडी आवळली गेली आणि बोट लाल झालं. मग बाईंनी बोट पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "प्लॅस्टर वाकत नाही. हिचं वाकतं. खालच्या बाजूनं कडी रुंद करा, मोकळी." तिसरं बसलं. हात झटकला, राहिलं. भांडं घासलं, राहिलं. ओढणीचा धागा काढला, राहिलं.

"आता विका काहीतरी," बाई म्हणाल्या.

लेकीची काळी शाल टेबलावर पसरली. घड्याळजींनी एक पितळी वायसर दिलं. अंगठीवाली उठून उभी राहिली, आणि उभं राहताना तिची पाठ बदलली, आवाजही बदलला. वायसर त्या बोटात सरकवून तिनं हात असा फिरवला की घरातल्या तिघांनाही ते वायसर घ्यावंसं वाटलं. "हिचं काम बघा," ती म्हणत होती. "रोज घालता येईल अशी आहे. जड नाही, टोचत नाही. तुमच्या हाताला तर..." आणि त्याच गोड आवाजात, त्याच हसऱ्या चेहऱ्यानं, "बाई, तोंडातलं बोट काढा."

बाईंनी काढलं.

जाताना तिनं पाकीट उघडलं तेव्हा बाई म्हणाल्या, दहाव्याचे काही नको, पहिल्या दहाव्याचं माप मी चुकले. अंगठीवाली ऐकेना. शेवटी तिनं अट घातली. "मग स्वतःसाठी एक संच करा. आणि माप मला पाठवा. नाणं ठेवून. दोन्ही हातांचं."

"तुम्हाला काय करायचंय माझं माप?"

"माझं तुम्ही बघितलंत ना?"

सोमवारी बाईंनी दुपारपर्यंत काही काम केलं नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या आणि तिथंही चुकल्या. फोन दर दोन मिनिटांनी उचलत होत्या. घड्याळजींनी दुकानातून तीनदा विचारलं, "आलं का काही?" लेकीनं कचेरीतून दोनदा.

संध्याकाळी आलं. काळी मखमल, तिच्यावर डावा हात, पाचही बोटं पसरलेली. अंगठीच्या बोटात अंगठी, टोकाला बारीक सोनेरी कडी, तिच्यात फिकं नख. शेजारी नाणं. आकडा सुलटा. खाली लिहिलं होतं, "उद्याही मीच उभी आहे. मालक म्हणाले, कडी पितळेची आहे, आपल्या दुकानात शोभत नाही. मी म्हटलं, मग सोन्याची करून द्या. विचार करतायत." आणि त्याच्याखाली, "तुमचं माप आलं नाही."

बाईंनी नाकावरचा चष्मा वर केला, डोळे पुसले, परत चष्मा खाली केला. मग टेबल पुसलं, उजवा हात पालथा ठेवला, शेजारी नाणं ठेवलं. आपलीच रीत आपल्याला करताना त्यांना कळलं की ती चांगलीच अवघड आहे. सावली पडते, आणि बोटं आपली म्हणून ओळखायला नको वाटतात. चार फोटो पुसून पाचवा ठेवला. त्यात तर्जनी जशी होती तशीच होती. आकडा सुलटा आहे ना, ते त्यांनी दोनदा वाचून बघितलं आणि डोळे मिटून पाठवून दिला.

लगेच उत्तर आलं.

"आणि डावा?"

डावा त्या वेळी तोंडात होता.